व्हेपचं लिक्विड आणि कापूस मागवला आणि दोनदा लुटला गेलो (इंदूर)

इंदूरात आपले मराठी लोक भरपूर आहेत आणि त्यांची कॉलेजातली मुलं हल्ली याच नादाला लागलीत, म्हणून सगळं लिहितोय. लाज वाटते, तरी लिहितोय.

मी पंधरा वर्षं सिगरेट ओढली. 2018 मध्ये मावसभावाने दुबईहून टँकवालं व्हेप, म्हणजे लिक्विड भरून त्याची वाफ ओढायची ई-सिगरेट, आणून दिलं, सोबत लिक्विडच्या बाटल्या आणि कॉइलमध्ये, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेत, वात म्हणून घालायचा कापूस. त्यानेच शिकवलं की नवीन वात घातली की आधी तिच्यावर चार थेंब सोडायचे, मग टँक भरून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर कोरडा कापूस जळतो आणि तो धूर घशात असा लागतो की डोळ्यांत पाणी येतं. फार गोड लिक्विड असेल तर कॉइलवर काळा थर बसतो आणि वात लवकर बदलावी लागते, हे पण त्यानेच सांगितलं.

मग 18 सप्टेंबर 2019 ला ई-सिगरेटबंदीचा अध्यादेश आला, त्याच वर्षी कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात सगळं बंद, पहिल्यांदा पकडलं तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मी तेव्हाच सोडायला पाहिजे होतं. नाही सोडलं, जवळचा साठा पुरवून पुरवून वापरला.

गेल्या वर्षी बाटल्या संपल्या आणि एका ओळखीच्या पोराने टेलिग्रामवरचा एक नंबर दिला. तो माणूस फोनवर इतका गोड, "भिया, एकदम ओरिजिनल माल है, टेन्शन मत लो." दोन बाटल्या आणि "जपानी ऑरगॅनिक कापूस" मिळून 4,200 रुपये, यूपीआयने आधीच घेतले. बिल मागितलं तर हसला.

पार्सल आलं तेव्हा कापसाच्या पट्ट्या टेबलावर राहिल्या, आणि आईला वाटलं मी देवाच्या वातींसाठी आणला. ती जन्मभर चातुर्मासात लाखाच्या वाती करत आलीय. तिने एक पट्टी बोटांत घेऊन वळली, ती मधेच तुटली. म्हणाली, अरे हा मेडिकलचा कापूस रे, बंडलातला, याला धागाच नाही, याची काय वात होणार. मी ऐकलं आणि गप्प बसलो, कारण काय सांगणार होतो तिला? तोच कापूस कॉइलमध्ये घातला, नेहमीसारखा भिजवला, दहा मिनिटं थांबलो, तरी एका दिवसात मधे काळा पडला आणि तोंडात औषधासारखी चव.

लिक्विडचं तर त्याहून वाईट. लिक्विडमध्ये मुळात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन असतं, वर फ्लेवर आणि निकोटिन. ग्लिसरीन जास्त असलं की पाकासारखं दाट राहतं, बाटली उलटी केली की बुडबुडा सावकाश वर सरकतो. लेबलवर 70 टक्के ग्लिसरीन लिहिलेलं आणि आत पाण्यासारखं पातळ, बुडबुडा झटकन वर, टँकच्या खालून गळायला लागलं. दोन वेगळ्या फ्लेवरच्या बाटल्यांवर बॅच नंबर मात्र एकच, आणि लेबल नखाने निघत होतं. हे सगळं दिसत असूनही मी ओढलं, कारण पैसे दिले होते ना.

निकोटिन 3 मिलिग्रॅम लिहिलेलं. पाच-सहा कश घेतले असतील, घाम सुटला, मळमळ, छातीत धडधड, दोनदा ओकलो. बायको रात्री साडेअकराला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले ही लक्षणं निकोटिन जास्त झाल्याची वाटतात, पण आत काय होतं ते त्यांना बाटली बघून कसं कळणार आणि मला तरी कसं कळणार. घरात सात वर्षांची मुलगी आहे, बाटलीला लहान मुलांना न उघडणारं झाकणसुद्धा नव्हतं. तिने तोंडाला लावली असती तर, हा विचार अजून रात्री येतो.

त्याला फोन करून पैसे परत मागितले तर म्हणाला, "थाने जाके क्या बोलोगे, क्या खरीदा था?" आणि ब्लॉक केलं.

मला वाटलं इथं संपलं. आठवड्याने फोन आला, कस्टममधून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये बंदी असलेला माल सापडलाय, केस नको असेल तर 25,000 भरा. माझं नाव, पत्ता, काय मागवलं होतं, सगळं त्याला पाठ होतं. कुठून गेलं असेल ते उघड आहे. घाबरून मी 8,000 पाठवले, कुणाला न सांगता. बाकीचे जमवायला दादाकडे गेलो तेव्हा त्याने खोदून खोदून विचारलं, आणि मग त्याच्यासमोरच 1930 वर फोन लावला, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. घरात तसल्या बाटल्या आहेत या भीतीने मी तोपर्यंत चार दिवस घालवले होते. पैसे गेल्यागेल्या कळवलं तर समोरचं खातं गोठवायला वाव असतो, माझे तोवर पुढे निघून गेले होते. त्यामुळे असा फोन आला तर मागवलेलं काहीही असो, एक रुपया पाठवू नका आणि आधी घरच्यांना उठवा, मग 1930.

टँक, कॉइल, उरलेल्या बाटल्या, सगळं आता घराबाहेर आहे. सिगरेटकडे परत वळलो नाही. 1800-11-2356 या तंबाखू सोडण्याच्या सरकारी लाइनवर बोलतो, फोन फुकट आहे. आईला परवा सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त उरलेल्या पट्ट्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या.