वॉक स्कोर: उपनगरात घर घेताना आणि विकताना या आकड्यावर किती विसंबावे?

अमेरिकेतील उपनगरात घर शोधणाऱ्याला बेडरूम किती, गॅरेज किती गाड्यांचे, मालमत्ता कर किती आणि शाळा कोणती, हे जाहिरातीच्या पहिल्याच पानावर वाचायला मिळते. दूध संपले तर गाडी न काढता आणता येईल का, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र तेथे फार काळ नसायचे. सिॲटलमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘वॉक स्कोर’ या सेवेने ती उणीव काही अंशी भरून काढली. संकेतस्थळावर पत्ता टाकला की तेथून रोजची कामे पायी कितपत करता येतील, हे सांगणारा ० ते १०० यांमधला एक गुणांक मिळतो आणि त्यासाठी काहीही मोजावे लागत नाही. २०१४ साली रेडफिन या घरविक्रीच्या कंपनीने ही सेवा विकत घेतली, आणि आज तिच्या जाहिरातींमध्ये हा गुणांक घराच्या इतर तपशिलांबरोबर दिसतो. शहराच्या मध्यभागी घर घेणाऱ्यासाठी ही सेवा उत्तम आहे. उपनगरात घर घेणाऱ्यासाठीही ती उपयुक्त आहे, परंतु तेथे तिचा आकडा जितके सांगतो त्याहून अधिक सांगायचे राहून जाते, आणि नेमके तेच राहिलेले घराच्या व्यवहारात महत्त्वाचे ठरते.

गुणांक काढण्याची रीत समजायला सोपी आहे. किराणा, खानपान, दुकाने, शाळा, उद्याने, बँक-टपालासारखी किरकोळ कामे आणि करमणूक अशा गटांतील ठिकाणे त्या पत्त्यापासून किती दूर आहेत, हे मोजले जाते. पाव मैलाच्या आत, म्हणजे सुमारे पाच मिनिटांच्या चालीवर ठिकाण असेल तर पूर्ण गुण मिळतात. अंतर वाढेल तसे गुण घटत जातात आणि अर्ध्या तासाच्या चालीपलीकडचे ठिकाण हिशेबातच धरले जात नाही. यात वस्तीची घनता, रस्त्यांच्या दोन चौकांमधील लांबी आणि चौकांची दाटी यांचाही विचार होतो. नव्वदच्या वर गुण असतील तर रोजच्या कामांना गाडी लागत नाही, सत्तरच्या वर बहुतेक कामे पायी होतात, पन्नासच्या खाली गाडीवाचून फारसे चालत नाही आणि पंचविसाच्या खाली जवळपास प्रत्येक कामाला गाडी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर वसलेली असंख्य उपनगरे या शेवटच्या दोन पायऱ्यांवरच आहेत. घरे एकीकडे आणि दुकाने दुसरीकडे, असे जमिनीच्या वापराचे नियमच तेथे अनेक दशके होते.

या गुणांकाचा किमतीशी संबंध आहे का, हा विकणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर ‘आहे’ असेच द्यावे लागते, पण ते पूर्ण ऐकून घेतले पाहिजे. सीईओज फॉर सिटीज या संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ बाजारपेठांमधील सुमारे ९४,००० व्यवहार तपासले होते. त्यांपैकी १३ ठिकाणी अधिक वॉक स्कोर असलेल्या घरांना अधिक किंमत मिळाल्याचे दिसले आणि एकेका गुणाचे मोल साधारणपणे ७०० ते ३,००० डॉलर निघाले. लास व्हेगासमध्ये मात्र चित्र उलटे होते. पुढे २०१६ साली रेडफिनने १४ महानगरांमधील दहा लाखांहून अधिक विक्रींवरून एका गुणाची सरासरी किंमत ३,२५० डॉलर, म्हणजे घराच्या किमतीच्या ०.९ टक्के, अशी मांडली. दलाल हा सरासरी आकडा आवडीने सांगतात. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष क्वचितच सांगतात. गुण १९ वरून २० वर गेल्याने किमतीत जवळपास काहीच फरक पडत नाही, तर ७९ वरून ८० वर गेल्यास सुमारे ७,००० डॉलरची भर पडते. म्हणजे ज्या उपनगरी घराचा गुणांक वीस-पंचवीस आहे, त्याच्या मालकाने शेजारच्या गल्लीपेक्षा आपले चार गुण जास्त आहेत म्हणून किंमत वाढवून मागणे निराधार आहे. शिवाय रेडफिन ही स्वतः या सेवेची मालक असल्याने तिचे आकडे सावधपणे वाचावेत, असे मला वाटते.

उपनगरात हा गुणांक तोकडा पडतो, कारण तो अंतर मोजतो. चालणे मोजत नाही. सुरुवातीच्या काळात तर अंतर सरळ रेषेत धरले जाई, त्यामुळे मागच्या कुंपणापलीकडचे दुकान कागदावर शेजारीच असे. नंतर प्रत्यक्ष रस्त्याने अंतर मोजण्याची पद्धत आली आणि ही मोठी सुधारणा झाली, कारण फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या गृहकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी संस्थेने १९३०च्या दशकापासून पुरस्कारलेल्या बंद टोकाच्या गल्ल्यांच्या रचनेत दोनशे फुटांवरच्या ठिकाणी जायला पाऊण मैलाचा वळसा पडू शकतो. तरीही पदपथ आहे की मध्येच संपतो, रस्त्यावर सावली आहे का, रात्री दिवे असतात का, चढ किती आहे, वाहनांचा वेग किती आहे, हे गुणांकातून कळत नाही. अर्ध्या मैलावर सुपरमार्केट असूनही मध्ये सहा पदरी रस्ता आणि एकच सिग्नल असेल, तर लहान मूल घेऊन कोणीही तो रस्ता पायी ओलांडणार नाही. गुण मात्र मिळालेले असतात. अमेरिकेत २०२२ साली साडेसात हजारांहून अधिक पादचारी वाहनांच्या धडकेत दगावले, आणि त्यांतील बरेचसे मृत्यू अशाच रुंद, वेगवान रस्त्यांवर झाले. ही बाब घर पाहताना गौण मानता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती विकणाऱ्याच्या कामाची आहे. पंधरा गुणांच्या एखाद्या वसाहतीत सलग पदपथ असतात, झाडीतून जाणारी पायवाट असते, मुले चालत शाळेत जातात आणि संध्याकाळी शेजारी एकमेकांना रस्त्यावर भेटतात. अशा ठिकाणी कामासाठी नव्हे, तरी चालण्यासाठी भरपूर चालले जाते. उपनगरात येणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकांना नेमके हेच हवे असते, पण गुणांकाच्या पट्टीवर ती वसाहत जवळजवळ तळाशी राहते. म्हणून अशा घराच्या मालकाने जाहिरातीत शाळा, उद्यान आणि पायवाट यांच्यापर्यंतचा पायी वेळ मिनिटांत द्यावा, वाटेत रस्ता कोठे आणि कसा ओलांडावा लागतो ते लिहावे आणि त्या वाटेची दोन छायाचित्रे जोडावीत. वॉक स्कोरच्या पानावर जवळच्या ठिकाणांची यादीही दिसते. तिच्यात बंद पडलेले दुकान राहिले आहे का, हे विक्रीपूर्वीच तपासून घ्यावे.

घेणाऱ्याने हा आकडा पहिली चाळणी म्हणून वापरावा आणि पुढचे काम पायांवर सोपवावे. शनिवारी दुपारी दलालाबरोबर घर पाहिले असेल, तर एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळी आणि एकदा अंधार पडल्यावर त्या घरापासून किराणा दुकानापर्यंत, शाळेपर्यंत आणि बसथांब्यापर्यंत चालून पाहावे. अनेक गावांत घरासमोरच्या पदपथाची दुरुस्ती आणि त्यावरचे बर्फ काढणे ही घरमालकाची जबाबदारी असते. पायवाटा घरमालक संघाच्या ताब्यात असतील तर त्यांचा खर्च मासिक शुल्कातून जातो. या दोन्ही गोष्टी करारापूर्वी विचाराव्यात. ताळा म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, १ ते २० गुणांचा राष्ट्रीय चालण्यायोग्यता निर्देशांकही पाहावा. तो एकेका घराचा नसून जनगणनेच्या छोट्या विभागाचा असतो, तरी चौकांची दाटी आणि सार्वजनिक वाहतुकीचे अंतर यांचे चित्र त्यातून बरे मिळते. वॉक स्कोरबरोबर येणारे ट्रान्झिट (सार्वजनिक वाहतूक) आणि बाइक (सायकल) हे दोन गुणांक बहुतेक उपनगरांत इतके कमी असतात की त्यांवर फार वेळ घालवू नये.

एकाच उपनगरातील दोन घरांचे गुण पन्नास आणि सत्तर असे असतील, तर मी या सेवेचे ऐकेन आणि सत्तरच्या घरासाठी थोडी जास्त किंमत द्यायला तयार होईन. ते गुण बारा आणि अठ्ठावीस असतील, तर आकडे बाजूला ठेवून दोन्ही घरांबाहेरचा पदपथ कोठवर जातो ते पाहीन.