पोस्टग्रेसचं विथ रिकर्सिव्ह, काही महिने वापरल्यावर

पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं विथ रिकर्सिव्ह म्हणजे स्वतःचाच निकाल परत वापरत झाडासारखा डेटा पायरी-पायरीने काढणारी क्वेरी. आमचा डेटा बीओएमचा (बिल ऑफ मटेरियल्स, सुट्या भागांची यादी), म्हणजे पंपात असेंब्ली, तिच्यात सबअसेंब्ली, खाली नट-बोल्ट. टेबल साधंच, पॅरेंट, चाइल्ड आणि क्वांटिटी. आधी ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसवर होतं, आता पोस्टग्रेसवर आणलंय.

ओरॅकलवाल्याला सुरुवातीला वैताग येणारच. तिकडे स्टार्ट विथ (सुरुवात कुठून), कनेक्ट बाय प्रायर (वरच्या ओळीशी जोड), झालं काम, लेव्हल (कितवी पायरी) फुकटात मिळते आणि भावंडं (एकाच पॅरेंटची चाइल्ड) नावाने लावायला ऑर्डर सिब्लिंग्ज बाय आहेच. इथे आधी अँकर क्वेरी (सुरुवातीच्या ओळी देणारी) लिहा, मग युनियन ऑल (निकाल एकाखाली एक जोडणारं), मग स्वतःशीच जॉइन, आणि लेव्हल हवी तर दर फेरीला एक मिळवत बसा.

पण क्वांटिटीचा प्रश्न आला की पारडं फिरतं. असेंब्लीत ४ ब्रॅकेट, प्रत्येकाला ६ बोल्ट, म्हणजे २४. इथे वरच्या ओळीची क्वांटिटी गुणिले खालची, एवढंच लिहायचं. कनेक्ट बायमध्ये प्रायर फक्त लगेच वरच्या ओळीचं कॉलम देतो, चालू गुणाकार नाही, मग लोक पाथची (वरपासून खालपर्यंतच्या क्वांटिटींची) स्ट्रिंग बनवून ती फंक्शनने सोडवायचे, नुसता जुगाड! (ओरॅकलनेही ११जी रिलीज २ मध्ये रिकर्सिव्ह विथ आणलंच.) शिवाय विथ रिकर्सिव्ह हे एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या १९९९ च्या स्टँडर्डमधलं आहे, पोस्टग्रेसमध्ये २००९ पासून, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही.

नवीन पोरं अडकतात ती टाइपवर. अँकरमध्ये नुसता १ (पूर्णांक) लिहिला आणि क्वांटिटी न्यूमरिक (दशांश चालणारी) असली की एरर, अँकरमध्येच कास्ट करावं (टाइप बदलून घ्यावा) लागतं. दुसरं म्हणजे रिकर्सिव्ह भागात सम वगैरे चालत नाही, बेरीज बाहेर येऊनच करायची.

सगळ्यात डोकं खाणारी गोष्ट म्हणजे सायकल. कुणीतरी सबअसेंब्ली फिरून तिच्याच पोटात एंटर केली की क्वेरी थांबतच नाही. युनियन ऑलऐवजी नुसतं युनियन (सारख्या ओळी गाळणारं) लावा असं बरेच जण सांगतात, पण ते अख्खी ओळ सारखी असेल तरच थांबतं, लेव्हलचं कॉलम असलं की प्रत्येक फेरीची ओळ वेगळी, म्हणजे उपयोग शून्य. पोस्टग्रेसच्या व्हर्जन १४ पासून सायकल ओळखून थांबवणारा सायकल क्लॉज आलाय, तोच लावा.

एलट्री (झाडातला पूर्ण पाथ एकाच कॉलममध्ये ठेवणारा पोस्टग्रेसचा टाइप) पण बघितलं. कॅटेगरी, डिपार्टमेंट असल्या झाडाला मस्त, क्वेरी एका ओळीत. पण फांदी हलवली की खालचे सगळे पाथ अपडेट करा, आणि आमच्याकडे एकच बोल्ट पन्नास ठिकाणी लागतो, तिथे ते बसतच नाही.

एक नक्की करा, याचा व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) बनवून बाहेरून व्हेअरची अट लावू नका, पोस्टग्रेस ती अट आत ढकलत नाही, आधी सगळं झाड फिरतो आणि मग गाळतो. आम्ही पार्ट आयडी घेणारं फंक्शन केलंय, आयडी थेट अँकरमध्ये जातो, पॅरेंटवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे, आणि रिपोर्टवाल्यांना रिकर्सिव्ह लिहायला लागतच नाही.