एप्टेशिया हटवायचा: चुना, श्रिंप की बर्घिया?

लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव असलेला समुद्री दगड) किंवा फ्रॅग प्लग (कोरलचा तुकडा चिकटवलेली छोटी चकती) यांवर बसून रीफ टाकीत, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळतात त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, आलेले बहुतेक आगंतुक जीव बिनधोक असतात. ब्रिसल वर्म हा केसाळ किडा तर उरलंसुरलं अन्न खाऊन सफाईच करतो. एप्टेशिया हे समुद्रफूल मात्र कोरलला डंख मारतं आणि भराभर वाढतं.

आधी ओळख पक्की करा. तपकिरी, काचेसारखा अर्धपारदर्शक देठ आणि लांब, टोकाला निमुळते होत गेलेले टेंटॅकल्स (तोंडाभोवतीचे तंतू) असतील तर तो एप्टेशिया. टोकं फुगीर आणि हिरवट असतील तर मजानो, म्हणजे दुसरं एक समुद्रफूल. हात नेताच पिसारा नळीत गडप झाला, तर तो फेदर डस्टर, नळीत राहणारा किडा. त्याला राहू द्या. खरवडून मात्र काहीच काढू नका. एप्टेशियाच्या पायाचा बारीकसा तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवा उगवतो.

बोटावर मोजण्याइतकेच असतील तर काल्कवासर पेस्ट, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाच्या डबीतला चुनाही मुळात तोच, पण त्यात आणखी काय मिसळलंय याचा भरवसा नाही. तो टाकीत नको. चमचाभर पावडरीत आरओ पाणी थेंबाथेंबाने घालून सुईतून जेमतेम उतरेल इतकी दाट पेस्ट करा. सगळे पंप बंद करा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घाला. बोथट सुईची सिरिंज बाजूने सावकाश न्या. धक्का लागला तर तो आधीच मिटतो आणि पेस्ट वरवर बसते. ती मधल्या तोंडावर पडायला हवी. अर्धा मिली पुरते. नंतर तो दगडाच्या ज्या भोकात बसलाय तेही पेस्टने बुजवा आणि वीसेक मिनिटांनी पंप सुरू करा. २०० लिटरच्या टाकीत एका बैठकीत पाच-सहाच घ्या, नाहीतर पीएच उसळतो. पेस्ट कोरलवर पडली तर तिथलं मांस जळतं. आठवड्याने पुन्हा पाहा. मुळातून न मेलेले तिथेच डोकं वर काढतात.

पेपरमिंट श्रिंप (एक छोटी कोळंबी) स्वस्त, पण लहरी. २०० लिटरला चार-पाच सोडा आणि माशांचं खाणं थोडं आवरा, कारण पोट भरलं की ती एप्टेशियाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. छोटे एप्टेशिया खातात, मोठे बहुधा सोडून देतात. काही श्रिंप झोअँथिड (बटणांसारखे मऊ कोरल) कुरतडतात, एलपीएसच्या (मोठ्या तोंडांच्या टणक कोरलच्या) तोंडातला घासही पळवतात. दुकानात या नावाखाली कॅमल श्रिंप गळ्यात पडू शकतं आणि ते कोरल खातं. पेपरमिंटच्या अंगावर नुसत्या लाल रेघा असतात. कॅमलवर लालसोबत पांढऱ्या रेघा-ठिपके आणि पाठीला कुबड.

बर्घिया ही छोटी समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. कोरलला धोका शून्य, आणि जिथे सिरिंज पोचत नाही त्या फटींत ती शिरते. शेकड्यांनी पसरलेल्या टाकीत माझं मत हिलाच. पण पैसे वाया जाण्याच्या वाटाही इथेच जास्त. सिक्सलाइन रास हा मासा आणि पेपरमिंट श्रिंप तिला खातात. म्हणून दोन्ही उपाय एकत्र करू नका. एकटीदुकटी आणून भागत नाही, सहा-आठ तरी हव्यात, म्हणजे अंडी घालून संख्या वाढेल. दिवे मालवल्यावर, प्रवाह थांबवून, पिपेटने थेट एप्टेशियाजवळ सोडा. वरून ओतल्या तर वेव्हमेकरमध्ये (प्रवाह करणाऱ्या पंपात) किंवा ओव्हरफ्लोत (पाणी खाली वाहून नेणाऱ्या खणात) जातात. पहिले काही आठवडे काहीच फरक दिसणार नाही, धीर धरा. दगडावर पांढरी गुंडाळीसारखी अंडी दिसली की समजा, काम सुरू आहे. एप्टेशिया संपले की त्या उपाशी मरतात, तेव्हा वेळीच दुसऱ्या कुणाला द्या.

एप्टेशिया खाणारा फाइलफिश हा मासा उरला. तो कामाचा, पण फेदर डस्टर आणि कधीकधी एलपीएसही टोचतो. कोरलने भरलेल्या टाकीत मी तो सुचवणार नाही.

कुठलाही उपाय करा, सम्प, म्हणजे टाकीखालची फिल्टरची टाकी, तपासा. तिथे अंधाऱ्या कोपऱ्यात राहिलेला एकही पुन्हा वर पोचतो. एप्टेशिया प्लगवरच असेल तर कोरल सोडवून नव्या प्लगवर चिकटवा आणि जुना फेकून द्या. दगड बाहेर काढलात तर तो वाळवा, उकळू मात्र नका. त्यावर पॅलिथोआ (झोअँथिडचाच एक विषारी प्रकार) असेल तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे विष घरात पसरतं आणि घरच्यांवर हॉस्पिटल गाठायची वेळ येऊ शकते.