पांढरी फीत मोहीम: शपथ चांगली, पण पुढे काय?
माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ६ डिसेंबर १९८९ रोजी १४ महिलांची हत्या झाली. त्यानंतर १९९१ मध्ये कॅनडातील काही पुरुषांनी पांढरी फीत लावून, स्त्रियांवर हिंसा करणार नाही, तिचे समर्थन करणार नाही आणि ती पाहून गप्पही बसणार नाही, अशी शपथ घेण्याची मोहीम सुरू केली. तिचे खरे बळ शपथेच्या तिसऱ्या भागात आहे, कारण स्वतः कधी हात न उचलणारा, पण मित्राच्या हिणकस विनोदावर हसणारा सज्जन पुरुष नेमका तिथेच अडकतो. फीत लावणे मात्र फारच सोपे आहे (छायाचित्रापुरते तर अधिकच). त्यामानाने युगांडातील कंपाला येथे ‘सासा!’ उपक्रमाने शेजाऱ्यापाजाऱ्यांमध्ये चिकाटीने चालवलेला स्त्री-पुरुषांमधील सत्तेविषयीचा संवाद मला अधिक भरीव वाटतो. फितीला तशा संवादाची जोड असेल, तरच मी या मोहिमेची शिफारस करीन.