स्टीलचा टंग क्लीनर: तोंडाच्या वासावर बाटलीपेक्षा पट्टी बरी

जळगावच्या फुले मार्केटमध्ये जा नाहीतर धुळ्यात पाचकंदीलला, मेडिकलवाल्याला "तोंडाला वास येतो, काहीतरी द्या" म्हटलं की आधी माउथवॉशची बाटली पुढे येते. ब्रशच्या स्टँडला लटकलेली, घोड्याच्या नालासारखी वाकवलेली स्टीलची पट्टी मात्र मागावी लागते. शंभर रुपयांच्या आत मिळणारी ही पट्टी वासाच्या मुळापर्यंत जाते. चांगली मात्र पारखून घ्यावी लागते.

आपल्याकडे तोंडाला वास आला की "पोट साफ नाही" म्हणून चूर्ण सुरू होतं. खरं तर दहातल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातलाच असतो आणि त्यातला बराचसा जिभेच्या मागच्या तिसऱ्या हिश्शात तयार होतो. तिथला पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यात मेलेल्या पेशी, लाळेतली प्रथिनं आणि अन्नाचे कण अडकतात. हवा न लागणारे जंतू ती प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सुटतात: हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा, मिथाइल मरकॅप्टनचा सडक्या कोबीसारखा. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळी वास सर्वांत जास्त. ब्रशच्या पाठीवरचे रबरी दाणे हा थर हलवतात, पण बाहेर काढत नाहीत. पट्टी तो ओढून आणते.

घेताना पहिली परीक्षा कडेची. स्वस्त पट्ट्या पत्र्यातून ठोकून कापलेल्या असतात आणि काहींच्या कडेला धातूची बारीक खरखर तशीच राहते. घरातला कापसाचा बोळा घेऊन आतल्या कडेवरून हलका फिरवा. एखादा तंतू जरी अडकला तरी ती पट्टी परत करा, जिभेवर ओरखडे उठतील. दुसरी परीक्षा लवचिकतेची. दोन्ही टोकं धरून जवळ आणली की वाकण अरुंद व्हावं आणि सोडल्यावर पट्टी पूर्वीसारखी व्हावी. फार पातळ पत्रा जिभेवर थरथरतो आणि मधेच थर सोडतो. टोकं गोल वळवलेली किंवा रबरात बसवलेली असावीत, ओल्या बोटांतून निसटत नाहीत.

तांब्याच्या पट्टीबद्दल लोक फार बोलतात. तांब्याला लागून राहिलेले जंतू मरतात हे खरं, पण पट्टी जिभेवर जेमतेम काही सेकंद टेकते, तेवढ्यात फार काही होत नाही. शिवाय तांबं मऊ, वापरता वापरता वाकण बिघडू शकतं. ती रोज पुसून कोरडी ठेवावी लागते, काळी पडली तर चिंच-मिठाने घासावी लागते, हिरवा थर दिसला तर साफ होईपर्यंत वापरू नये. हे सगळं मनापासून करणाऱ्याने तांबं घ्यावं, बाकीच्यांनी स्टील. प्लॅस्टिकचा टी आकाराचा क्लीनर लहान मुलांना ठीक. मोठ्यांच्या जिभेवर तो मध्यावरच टेकला तर खरा थर मागेच राहतो.

वापरण्याची पद्धत चुकली तर चांगली पट्टीही वाया जाते. सकाळी ब्रश झाल्यावर जीभ पूर्ण बाहेर काढा, श्वास सोडत सोडत पट्टी शक्य तितकी मागे टेकवा आणि हलक्या दाबाने पुढे ओढा. मागून पुढे, कधीही उलट नाही. प्रत्येक ओढीनंतर वाहत्या पाण्यात धुवा. चार-पाच ओढी पुरतात. उमासा आला तर श्वास रोखू नका. श्वास सोडत ओढलं की हळूहळू घसा सरावतो. अगदी मागे जे मोठे गोल दाणे रांगेत दिसतात ते जिभेचेच आहेत. त्यांना घाण समजून खरवडू नका. जीभ लाल होऊन झोंबायला लागली तर दाब जास्त झाला. सकाळच्या एका वेळेचा परिणाम दिवसभर टिकत नाही, रात्री झोपण्याआधीची वेळ जास्त महत्त्वाची.

बोअरच्या जड पाण्यामुळे पट्टीवर पांढरी पुटं चढतात. लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवून घासली की निघतात. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवली तरी स्टीलला काही होत नाही. हा प्लॅस्टिकपेक्षा मोठा फायदा. गंजाचा तांबडा ठिपका दिसला की मात्र बदला.

आता या पट्टीने काय होत नाही, तेही कळलं पाहिजे. हिवाळ्यात भरितावर कच्चा लसूण आणि कांद्याची पात मनसोक्त खाल्ली, तर लसणातला गंधकयुक्त भाग रक्तात उतरून फुप्फुसांतून बाहेर पडतो. जीभ कितीही घासा, दुसऱ्या दिवशीपर्यंत वास राहू शकतो. तिथे जेवणासोबत दही किंवा साय न काढलेलं दूध, किंवा कच्चं सफरचंद, जास्त उपयोगी. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की पाणी कमी पडून तोंड कोरडं होतं, आणि कोरड्या तोंडात जंतू फोफावतात. तिथे उपाय पाणी. उपवासाच्या दिवसांतही तेच. मशेरी लावणाऱ्या बायका आणि तंबाखू, गुटखा खाणारे यांना पट्टीने थोडंच बरं वाटेल: तंबाखू तोंड कोरडं करतो, हिरड्या खराब करतो, आणि ते सोडल्याशिवाय वास जात नाही.

सर्वांत जास्त फसवणूक हिरड्यांची. जीभ रोज घासूनही दोन आठवड्यांत फरक नाही, ब्रशला रक्त लागतं, किंवा फ्लॉसच्या धाग्याला मागच्या दाढांमधून वास येतो, तर दात आणि हिरडीच्या सांध्यात कडक किटण साचलेलं असू शकतं. ते घरी निघत नाही, दंतवैद्याकडून स्केलिंगच करावं लागतं. कवळी वापरणारे आजी-आजोबा रात्री ती काढून ब्रशने घासून पाण्यात ठेवत नसतील, तर वास कवळीचाही असू शकतो. तोंड, हिरड्या ठीक असूनही वास टिकला तर टॉन्सिलमधले पांढरे खडे, सायनस किंवा साखर तपासून घ्यावी.

राहिली माउथवॉशची बाटली. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टरांनी लिहून दिला तरच, सांगतील तितकेच दिवस. जास्त वापरला तर दात आणि जीभ तपकिरी होतात, जेवणाची चवही बदलते. पेस्ट लावल्यावर लगेच तो घेतला तर पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे परिणाम कमी होतो, म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्या. अल्कोहोलचा माउथवॉश उन्हाळ्यात तोंड आणखी कोरडं करू शकतो, तो घेऊच नका.

वास खरंच आहे का, हे पट्टीवरच कळतं: मागून ओढलेला पहिला थर न धुता अर्धा मिनिट ठेवा आणि नाकाजवळ न्या.