खाणीचा पहिला पावसाळा: गाळाचे तळे की झाकलेला उतार?

गोव्यात डिचोली किंवा सत्तरीच्या डोंगरात खाण उभी राहते, तेव्हा खनिज निघण्याच्या कितीतरी आधी रस्ते आणि डंपच्या, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्याच्या, जागेसाठी माती उघडी पडते. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात ती पहिल्याच पावसाळ्यात ओहोळांवाटे मांडवीच्या वाटेला लागते. ती अडवण्यासाठी पायथ्याशी गाळ बसवणारे तळे खोदणे आणि उतारावर काथ्याची जाळी अंथरून गवत व वाळा लावणे, हे दोन्ही मार्ग मी कामावर वापरले आहेत.

तळे लवकर खोदून होते आणि वाळू व जाडसर माती त्यात खरोखरच थांबते, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न बारीक चिकणमातीचा आहे. स्थिर पाण्यात 20 मायक्रॉनचा कण मीटरभर खाली बसायला पाऊण तास घेतो, तर 2 मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ तीन दिवस लागतात. आषाढात तळ्यातले पाणी इतका वेळ स्थिर राहत नाही.

तरीही माझ्यापुरता निकाल लागला तो उपशाच्या त्रासामुळे. तळे भरते ते भर पावसात, आणि तिथवर जाणाऱ्या रस्त्याचा नेमका तेव्हाच चिखल झालेला असतो. पोकलेन रुतते, गाळ ताकासारखा पातळ असल्याने बकेटमधून निम्मा सांडतो, आणि उरलेला काठावर टाकला तर पुढच्या सरीबरोबर तो पुन्हा तळ्यात उतरतो. मग उपसा चतुर्थीनंतरवर ढकलला जातो आणि तोवर लाल पाणी थेट खालच्या भातशेतांत जाते. खांडेपार नदीच्या खोऱ्यात तर खाली पिण्याचे पाणी पुरवणारा ओपाचा पाणीप्रकल्प आहे, त्यामुळे तिथे ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

जाळीलाही जपावे लागते. ती जमिनीला घट्ट चिकटली नाही, तर पाणी खालून वाट काढते आणि वरून सारे ठाकठीक दिसत असताना आत घळ पडत जाते. जिथे वाहनांची ये-जा चालू आहे किंवा उताराचा आकार अजून बदलायचा आहे, तिथे ती निरुपयोगी आहे. अशा ठिकाणी तळ्याला पर्याय नाही, आणि जाळी लावली तरी पायथ्याशी एक लहान तळे मी ठेवीनच. परंतु ज्या डंपचा उतार कायम झाला आहे, तिथे हाती असलेला पैसा आधी जाळीवर आणि वाळ्यावर खर्च करावा, असे माझे मत आहे. रोपे मृगाच्या पहिल्या सरींना लावता यावीत, यासाठी जाळीची मागणी मार्चमध्येच नोंदवलेली बरी.