थोरली सोफी की आठवी एस्क: आधी कोणती वाचाल?

विनोदी फँटसीत जन्मक्रमाची टर उडवणारं काही वाचायचं असेल, तर माझ्या लेखी निवड दोन कादंबऱ्यांत आहे: डायना विन जोन्सची ‘हाउल्स मूव्हिंग कासल’ (१९८६) आणि टेरी प्रॅचेटची ‘इक्वल राइट्स’ (१९८७).

प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या काल्पनिक जगात आठव्या मुलाचा आठवा मुलगा जादूगार होणार, हा नियमच. मरायला टेकलेला एक जादूगार लोहाराच्या घरी येतो, आपली काठी नुकत्याच जन्मलेल्या आठव्या बाळाच्या हाती देतो आणि प्राण सोडतो. बाळ, म्हणजे एस्क, मुलगी आहे हे सुईण सांगू पाहते, पण ऐकतो कोण! पुढची कथा म्हणजे हाच घोळ निस्तरणं. एस्कचे सात भाऊ मात्र आकडा भरण्यापुरतेच आहेत.

जोन्सच्या इंगरी या काल्पनिक देशात उलटी तऱ्हा. तिथे तीन भावंडांत थोरलं असणं म्हणजे करंटेपण: नशीब काढायला निघालात, तर आधी तोंडघशी पडणार तुम्हीच. थोरली सोफी हे इतकं मनावर घेते की दुकानात टोप्या शिवत बसते आणि एकटेपणात त्यांच्याशीच बोलते. एकीला सांगते, मोठ्या पदावरचा कुणीतरी तुझ्या प्रेमात पडेल. ती टोपी नेलेली साधीशी मुलगी चक्क एका सरदाराबरोबर पळून जाते. तिच्या बोलण्यात जादू आहे हे आपल्याला कळतं, सोफीला नाही. नियम जगाचा की तिच्या डोक्यातला, ही शंका तिथेच डोकं वर काढते, आणि त्यामुळेच मला हे पुस्तक सरस वाटतं.

नात्यांची गुंतागुंतही इथेच जास्त आहे. सोफी आणि मधली लेटी वडिलांच्या पहिल्या बायकोच्या, धाकटी मार्था दुसरीची. त्यात या दोघी धाकट्या आपापल्या शिकाऊ नोकऱ्या आणि चेहरेसुद्धा अदलाबदल करतात, तेव्हा कोण कुठे आहे ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवाच. या पुस्तकावरचा २००४ चा सिनेमा पाहून ‘कथा माहीत आहे’ म्हणत असाल, तर थांबा: त्यात मार्थाच नाही. तिघींची गंमत तिथेच संपली.

झटपट, टाळीचा विनोद हवा असेल तर ‘इक्वल राइट्स’. गावातला भाग झकास. जादूगारांच्या विद्यापीठात पोचल्यावर कथा जरा रेंगाळते. जादूगारांना लग्नाची बंदी का, याचं उत्तर पुढे प्रॅचेटच्याच ‘सोर्सरी’त (१९८८) मिळतं: जादूगाराच्या आठव्या मुलाच्या अंगी जादूचा उगमच असतो, आणि तो कुणाला आवरत नाही.

आणि खरी हौस वंशावळीचीच असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून डिस्कवर्ल्डमधल्याच सुझनकडे जा. तिचे आजोबा म्हणजे साक्षात मृत्यू. तिची आई त्यांची दत्तक मुलगी, रक्ताचा संबंध शून्य. तरी आजोबांचे गुण नातीत उतरलेच. आधी ‘मॉर्ट’ (१९८७), मग ‘सोल म्युझिक’ (१९९४).